एसीतून वारा येत नाही

विल्सन गार्डनच्या सिग्नलला उभं असताना मी या वर्षातला पहिला एसी लावला, आणि आतून काहीतरी बारीक, टणक असं उडून माझ्या चष्म्याच्या काचेवर टक्कन आपटलं. आपटलं आणि मांडीवर, ओढणीत, सीटच्या फटीत कुठंतरी गडप झालं. मी दचकले. म्हणजे मान मागं गेली, ब्रेकवरचा पाय जास्त दाबला गेला, शेजारच्या स्कूटरवाल्यानं माझ्याकडं बघितलं. पण आत काहीच हललं नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग ओठ आपलाच असतो आणि आपला नसतो, तसं माझं सगळंच झालंय. दसऱ्याच्या आधी आई गेली तेव्हापासून. लोक भेटायला आले, माझ्या तोंडाकडं बघत बसले, मी सगळ्यांना कॉफी दिली. एक लांबची मावशी जाताना म्हणाली, श्रीविद्या, मोकळी हो गं, रडून घे. रडून घे म्हणजे काय, बाजारातून आणायचंय का ते? मी म्हटलं, सरी, म्हणजे बरं, बघते. आणि तिला रिक्षा बोलावून दिली. आता सिग्नल सुटला, मागचे लगेच कोकलायला लागले, आणि चष्म्यावर काय आपटलं ते बघायचं राहून गेलं. खडा असेल, दुसरं काय असणार.

एसीतून हवा येत होती, पण तिला वारा म्हणायचं तर जीभ रेटत नाही. आजाऱ्यानं फुंकर घालावी तेवढीच, आणि तीही कोमट, बंद कपाटासारख्या वासाची. फेब्रुवारी संपत आलेला. बेंगळूरला उन्हाळा नाही असं सांगणारे लोक आता म्हातारे झाले किंवा मेले. हल्ली शिवरात्र झाली की डांबर तापायला लागतं. मी पंख्याचा आकडा वाढवत गेले. आवाज वाढला, हवा तेवढीच. म्हणजे संपलंच, असं मनात आलं, आणि तेही कुणा दुसऱ्याच्या घरातलं काहीतरी संपलंय अशा थाटात. कारण ठरलं होतं ते असं: येत्या रविवारी अण्णा, माझे वडील, शहराच्या दुसऱ्या टोकाला हेब्बाळला राहायला जाणार. माझा धाकटा भाऊ श्रीहरी तिथं बायकोबरोबर, ऋचाबरोबर, अठराव्या मजल्यावर राहतो. त्यानं अण्णांसाठी तळ्याकडची खोली तयार केलीय, बाथरूममध्ये धरायला दांड्या लावल्यात, पलंग वरखाली होणारा आणलाय. "उन्हाळ्यापुरतं गं अक्का," तो फोनवर म्हणाला, "तुझ्या त्या गाडीत एसी नाही, टॅक्सीवाले लावत नाहीत, परत मागच्या वर्षीसारखं झालं तर?" उन्हाळ्यापुरतं म्हणणाऱ्या माणसानं बाथरूमच्या फरशीला भोकं पाडून दांड्या लावलेल्या नसतात. हे मला कळत होतं, त्याला कळत होतं, आणि अण्णांना तर कुणाच्याही आधी कळलं असणार. पण मी म्हटलं, सरी. श्रीहरीनं अण्णांना फोन द्यायला सांगितलं, अण्णा ऐकत राहिले आणि तेही म्हणाले, सरी. फोन ठेवून त्यांनी पेपर पुन्हा उचलला. मी कुकर लावायला गेले. एवढ्यावर आमच्या घरातला एवढा मोठा निर्णय झाला.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये झालं ते असं. अण्णांचं हृदय कमी पंप करतं, महिन्यातून दोन-तीनदा तरी हॉस्पिटलला न्यावं लागतं, आणि डॉक्टरांनी बजावलेलं, बाकी काही का होईना, उन्हात तापू देऊ नका. परत येताना डेअरी सर्कलला ट्रॅफिक अडलेला, एसी अचानक ढेपाळला, आणि अण्णा माझ्या शेजारी बसल्याबसल्या खाली घसरायला लागले. ओठ पांढरे. आई मागं बसलेली, तिनं पाण्याची अख्खी बाटली पुढं वाकून त्यांच्या डोक्यावर ओतली आणि मोठ्यानं रायरांचा, आमच्या मठातल्या गुरूंचा, धावा सुरू केला. काच खाली केल्यावर शेजारच्या बसमधली माणसं वाकून बघायला लागली. अण्णा शुद्धीवर आले आणि पहिलं वाक्य म्हणाले, "पद्मा, सीट भिजली." मग आम्ही तिघंही हसलो. हसलो हे मला पक्कं आठवतं, हसू पोटातून वर आलं होतं तेही आठवतं, पण आता ते आठवताना पोटात काही होत नाही. टॅक्सी करून बघितल्या. एसी लावा म्हटलं की ड्रायव्हर अप्पा काच खाली करून दाखवतो, गाळी बरत्ते मॅडम, वारा येतोय की. आणि अण्णांना त्या उंच गाड्यांत चढता येत नाही. आपल्या गाडीत कुठला हात कुठं धरायचा, पाय कसा आत घ्यायचा, हे त्यांच्या अंगाला पाठ आहे. निवृत्त व्हायच्या जरा आधी घेतलेली गाडी; तिची काळजी त्यांनी आमच्यापेक्षा जास्त घेतली असं आई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं.

शनिवारी सकाळी मी गाडी रघुजीकडं नेली. अण्णा जाणारच आहेत तर मग दुरुस्ती कशाला, हे मला श्रीहरीनं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हेब्बाळपर्यंत जाताना तरी घामाघूम होऊ नयेत, असं काहीतरी म्हटलं असतं. खरं सांगायचं तर आत कुठंतरी अगदी अंधुक असं होतं की एसी झाला तर श्रीहरीचं बोलणंच संपेल. पण संपलं तरी तोंड उघडून "अण्णा, जाऊ नका" एवढं कोण म्हणणार, मीच ना? ते वाक्य मी स्वयंपाकघरात एकटी असताना म्हणून बघितलं. पोस्टातल्या बाईनं वाचून दाखवल्यासारखं वाटलं. असल्या आवाजात कुणाला थांबवायचं नसतं.

रघुजी आमच्या जयनगरच्या मागच्या रस्त्यावरचा मेकॅनिक. त्याचे पूर्वज म्हणे शहाजीराजांबरोबर आलेले. तो हे गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत सांगतो आणि नंतर दर भेटीत. घरात मराठी, शटरबाहेर कन्नड, शिव्या तमिळमध्ये. "काय बी न्हाई अक्का, ग्यास कमी झालाय," गाडी सुरूही करायच्या आधी तो म्हणाला. मी म्हटलं, "रघुजी, मागच्या वर्षी पण गॅसच कमी झाला होता." "तोच की! परत झालाय." मागच्या वर्षी त्यानं गॅस भरला, चार दिवस गार वाटलं, मग पाऊस सुरू झाला आणि एसीची गरजच संपली. आता त्यानं मीटर लावलं, मान तिरकी केली, पुन्हा लावलं. गॅस भरलेला निघाला. मग त्यानं कंप्रेसरला नावं ठेवली. कंप्रेसर बिचारा व्यवस्थित फिरत होता, पाइपला हात लावला तर बर्फ. "थंडी तयार होते की वो इथं," रघुजी चिडून म्हणाला, म्हणजे गाडीवर चिडून, "मग जाते कुठं?" तो डॅशबोर्डकडं असा बघत राहिला की जणू त्या डॅशबोर्डनंच चोरी केलीय आणि आता कबूल करत नाहीय. शेवटी म्हणाला, "उघडायला लागतंय अक्का. स्वल्प टाइम जाईल. बसा."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. समोर माझ्या गाडीचं तोंड उघडून ठेवलेलं, आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या, ग्लोव्ह बॉक्स जमिनीवर, त्यातलं सामान रघुजीनं एका टोपलीत काढून ठेवलेलं: टॉर्च, नॅपकिन, आईच्या गोळ्यांचं एक रिकामं पाकीट, उलटीसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या. गाडी लागायची तिला. इतकी वर्षं आपल्याच गाडीत तिला मळमळायचं, आणि तरी कुठं जायचं म्हटलं की सगळ्यांच्या आधी तयार. माहेरी, मंत्रालय गावाला, निघायचं तर पहाटेपासून नेसून बसलेली. मी त्या पिशव्यांकडं बघत होते. आता काहीतरी होईल, मला वाटलं, गळ्याशी येईल, निदान डोळे चुरचुरतील. कसलं काय. रस्त्यावरून नारळवाला गेला, एका बाईनं स्कूटर थांबवून त्याच्याशी भांडण काढलं, मी ते शेवटपर्यंत ऐकलं. बाई जिंकली. दसऱ्याच्या दिवसांत असंच होतं, लोक येत होते, मी ऐकत होते, कोण काय म्हणालं ते सगळं अजून पाठ आहे, आणि आईचा चेहरा आठवायचा म्हटलं तर फोटोतलाच येतो, तोही आधार कार्डावरचा. अण्णा तर माझ्याही पुढं. त्यांनी त्या दिवसापासून आईचं नाव घेतलेलं नाही. पेपर वाचतात, औषधं घेतात, सारू-भात जेवतात, कसं झालंय विचारलं तर बरं झालंय म्हणतात. मीठ विसरलं तरी बरं झालंय म्हणतात. आम्ही दोघं एका घरात, दोन बंद पंख्यांसारखे. मग वाटायचं, त्यांना कुठंही नेलं तर काय फरक पडतो? जयनगर काय, हेब्बाळ काय. त्यांनाच नाही पडत तर मी कशाला मध्ये तोंड घालू.

"अय्यय्यो!" रघुजी ओरडला. "अक्का, इकडं या, बघा हे!"

त्यानं डॅशबोर्डच्या पोटातून एसीची गार कॉइल ओढून बाहेर काढली होती. तिला पत्र्याच्या अगदी बारीक पट्ट्या असतात, त्यांच्यामधून हवा जायची असते. हवेला जायला जागाच नव्हती. काळं, चिकट, कुजलेल्या भातासारखं काहीतरी त्या पट्ट्यांवर थापून बसलेलं, सुकून भेगा पडलेल्या, वाळकी तुळशीची पानं त्यात अडकलेली. रघुजीनं स्क्रू-ड्रायव्हरनं एक ढेकूळ खरवडलं, चुरडलं, नाकाजवळ नेलं. "तांदूळ," तो म्हणाला. "उंदीर, अक्का. उंदरानं साठा केलाय. तुमच्या घरात उंदीर लय दिसतात." आमच्या घरात उंदीर नाहीत, असं मी सांगणार होते, आणि तेवढ्यात मला ते दिसलं, आणि मग इतकं सोपं होतं की मी मूर्खासारखी बघतच राहिले. उंदीर कसला. आई होती ती.

मठातल्या मंत्राक्षता, हळद-चुन्यात रंगवलेल्या, केशरी. आमच्यात घराबाहेर निघणाऱ्याच्या डोक्यावर त्या टाकतात, आणि एकच नियम: पायदळी येता कामा नयेत. आईच्या देवघरात त्यांचा डबा कधी रिकामा झाला नाही. पण आम्ही पोरं धांदरट, आई डबा घेऊन येईपर्यंत गाडीत जाऊन बसलेलो, काच लावलेली. मग तिनं आपला मार्ग काढला. गेटजवळ उभं राहायचं आणि मूठभर अक्षता पुढच्या काचेवर टाकायच्या. त्या काचेवरून घसरत खाली यायच्या, वायपरच्या मुळाशी ती जाळी असते ना हवा आत घ्यायची, तिच्या फटींतून आत दिसेनाशा व्हायच्या. आईला हे फार आवडलेलं. "बघ, एक दाणा खाली पडत नाही," ती म्हणायची, "गाडीच्या पोटात जातात. पायाखाली यायची भीतीच नाही." अण्णा इंजिनियर, विमानांवरून वारा कसा वाहतो ते बघण्यात जन्म गेलेला, ते वैतागायचे. "पद्मा, वायपरचं रबर खराब होतं." वायपरचं! पुढचं त्यांनाही सुचलं नाही. आणि डेअरी सर्कलच्या त्या प्रकारानंतर तर आईनं दोन्ही हातांनी टाकायला सुरुवात केलेली. अण्णांना परत काही होऊ नये म्हणून. म्हणजे एसी बंद पडला म्हणून ती जास्त टाकत गेली आणि ती टाकत गेली म्हणून एसी उरलासुरला बंद पडत गेला. या सगळ्याला हसावं की काय करावं मला कळेना. मी रघुजीला एवढंच म्हटलं, "उंदीर नाही. आमची आई." त्यानं माझ्याकडं बघितलं, कॉइलकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच पूर्वजांबद्दल काही न बोलता कॉइल अलगद फडक्यावर ठेवली.

मग तो पंख्याचं घर रिकामं करायला लागला, ते हवेच्या वाटेत कॉइलच्या आधी येतं. त्यानं ते वर्तमानपत्रावर उपडं केलं. तर तिथून दाणे पडले ते काळे नव्हते. सुटे, कोरडे, खणखणीत केशरी. मूठभर तरी. माझ्या चष्म्यावर त्या दिवशी आपटला तो यांच्यातलाच, कॉइलच्या कडेनं निसटलेला एक असणार. मी एक उचलला आणि नखानं दाबला, हळदीचा रंग बोटाला लागला. दसऱ्यानंतर किती पाऊस झाला, डिसेंबरात पण दोन दिवस झोडपलं, जाळीतून पाणी आत जाणारच. आईच्या हातचे दाणे असे कोरडे राहिले नसते. आईच्या हातचे सगळे काळे झाले होते. हे कालचे-परवाचे होते. आणि मग मला रोजची सकाळ आठवली. मी ऑफिसला निघते तेव्हा काचेवर काहीबाही पडलेलंच असतं. वर होंगेचं, म्हणजे करंजाचं, झाड आहे, त्याची वाळकी पानं, काड्या, फुलोरा, सगळं गाडीवर. मी आत बसते, पाणी मारते, वायपर फिरवते, निघते. कधी बघितलं नाही काय पुसतेय ते. इतके दिवस मी रोज सकाळी त्या अक्षता वायपरनं ढकलून गाडीच्या पोटात पाठवत होते. आणि घरात आम्ही दोघंच.

रघुजीनं कॉइल धुतली, हवेचा दाब मारून मारून पट्ट्या मोकळ्या केल्या, बाहेरच्या फटींवर बारीक जाळी चिकटवली. गाडी सुरू केली तर एसीतून असा वारा आला की टोपलीतला नॅपकिन उडाला. "बघा!" तो म्हणाला, "मी म्हटलंच होतं, कंप्रेसरला काय बी झालं न्हाई." त्याच्याशी वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती. मी घरी आले. अण्णा व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीत, पेपर उघडलेला. मी समोरच्या पायरीवर बसले, लहानपणी बसायचे तशी, आणि सरळ विचारलं.

"अण्णा, गाडीवर अक्षता तुम्ही टाकता?"

"होय," ते म्हणाले. पेपर खाली केला नाही.

"कधीपासून?"

"तेराव्याची वैकुंठ समाराधना झाली आणि तू ऑफिसला जायला लागलीस तेव्हापासून. तू अंघोळीला गेलीस की."

"पण तुमचा तर विश्वास नाही."

"नाहीच." मग पेपर खाली आला. "माझा नाही. तिचा होता. पण ती गेली म्हणून तू तशीच कोरडी जायचीस रोज, त्या ट्रॅफिकमधून, हे काही बरोबर नाही." त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "आणि बंद केव्हा करायचं ते तिनं सांगितलं नव्हतं."

मी त्यांना कॉइलचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पंख्याच्या अलीकडं की पलीकडं?" म्हटलं, जुन्या पलीकडं, कॉइलवर, नव्या अलीकडं. त्यांनी मान हलवली. "ताजी हवा घ्यायच्या तोंडातून गेल्या. फटी रुंद आहेत तिथं. मला कळायला पाहिजे होतं, दुसरं काय केलं मी आयुष्यभर." मग त्यांचा चेहरा जरासा बदलला. "म्हणजे एसी आम्हीच बंद पाडला. तिनं आणि मी. आणि एसी बंद म्हणून मी हेब्बाळला." त्यांच्या नाकातून हं असा आवाज आला, तो हसण्याचा होता की नाही मला सांगता येणार नाही. नंतर ते माझ्याकडं बघत राहिले. ते थांबले होते, हे मला आता कळतंय, तेव्हाही कळलं असणार. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, दोनच शब्दांचं, जाऊ नका. पोस्टातल्या बाईच्या आवाजातलं नव्हतं ते आता. पण जीभ वळेना. इतके महिने एखादा हात बांधून ठेवला आणि आज म्हटलं उचल, तर तो उचलत नाही. अण्णांनी पेपर पुन्हा वर धरला आणि विचारलं, "बॅग भरून ठेवलीस ना?"

"ठेवली," मी म्हटलं.

रविवारी निघालो तेव्हा ऊन चढलेलं. बॅग मागच्या सीटवर, वर त्यांची काठी, औषधांचा डबा. अण्णा नेहमीच्या रीतीनं आत बसले, आधी हात, मग उजवा पाय, मग बाकीचे. मी एसी लावला. त्यांनी तळहात झडपेसमोर धरला, बोटं पसरून, मिटून, पुन्हा पसरून, जुन्या नोकरीत धरत असतील तसा. "बरोबर येतोय आता," ते म्हणाले. हेब्बाळपर्यंत आम्ही दुसरं काही बोललो नाही. मी मनातल्या मनात बोलत होते. पॅलेस ग्राउंडच्या भिंतीपाशी म्हणू, असं ठरवलं, भिंत संपली. गंगानगरला म्हणू, तेही गेलं. फ्लायओव्हर दिसायला लागला, तळं चमकलं. माझ्या छातीत आता दुखत होतं, खरोखरचं, आणि ते दुखणं मला आवडत होतं, इतक्या दिवसांनी कुठंतरी काहीतरी दुखतंय म्हणून. राग पण येत होता. श्रीहरीचा, त्या बाथरूमच्या दांड्यांचा, अण्णांच्या सरीचा, माझ्या सरीचा. दोन सरी मिळून एक माणूस घरातून उठवला आम्ही. आणि आता मी त्याला गार हवेत बसवून पोचवायला निघालेय, आणि तोंडातून शब्द फुटत नाहीय. मूर्ख बाई, मी स्वतःला म्हटलं, बोल की गं, फुकटचं तर आहे.

गेटवर रांग होती. तिथला गार्ड तरुण, लांबच्या मुलखातला, हातात टॅब घेऊन प्रत्येक गाडीशी वाकून हिंदीत बोलायचा. आमची पाळी आली, मी काच खाली केली, गरम झोत आत आला. मी फ्लॅटचा नंबर सांगितला. त्यानं टॅबवर बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. "हाँ हाँ, श्रीहरी सर ने बोल के रखा है. भीमाचार्य सर ना? इनका आज से रेसिडेंट में डालना है." तो वाकून माझ्या पलीकडं बघायला लागला, टॅब त्यांच्या दिशेनं धरून. "सर, इधर देखिए. रेसिडेंट का फोटो लेना है."

अण्णांनी फोटोला तोंड वळवलं नाही. सरळ समोर बघत म्हणाले, "व्हिजिटर."

"नहीं सर, सर ने बोला है, रेसिडेंट."

"सर मेरा बेटा है," अण्णा म्हणाले, आणि मी त्यांचा हा आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता, कामावरच्या माणसांना सूचना द्यायचा आवाज. "मैं बोलता हूँ ना. व्हिजिटर लिखो."

गार्डनं माझ्याकडं बघितलं. मी अण्णांकडं बघितलं. त्यानं टॅबवर बोट फिरवलं. "कब तक रहेंगे, सर?"

"खाना खाके जाएगा."

बार वर गेला. आणि मग अण्णा, अजूनही समोरच बघत, हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "म्हणजे, तुला चालत असेल तर."

मागच्या गाडीनं हॉर्न मारला. मी तोंड उघडलं, चालतं म्हणायला, चालतं अण्णा, चला घरी, कधीचं चालतं, आणि आवाज फुटायच्या ऐवजी मला रडू फुटलं, मोठ्यानं, नाकातोंडातून, गार्डसमोर, काच उघडी टाकून. मी नुसतीच मान हलवत राहिले, होय होय होय. अण्णांनी हात पुढं करून माझ्या बाजूचा एसी जरा कमी केला. "बरं बरं," ते म्हणाले. "आता गाडी आत घे. ऋचानं ऊन ऊन वाढलं असेल, आणि आपल्याला लवकर निघायचंय."